राविनिया आत्या आणि लांबलेली प्रार्थना

आमच्या राविनिया आत्याने आयुष्यात एकही मासा सहजासहजी घेतला नाही. आधी कल्ला उचलून बघायची, मग डोळा दाबायची, मग मासा नाकाशी नेऊन आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघत विचारायची, "कधी पकडलास?" तो म्हणायचा, "आज सकाळी, आत्या." त्यावर ती माशाकडे बघून म्हणायची, "हा तर वेगळंच सांगतोय." आणणारा सख्खा भाचा असला तरी सूट नव्हती. उलट सख्ख्यांवर तिचा संशय जास्तच, कारण फसवायची संधी त्यांनाच अधिक मिळते असं तिचं म्हणणं.

आमच्या मराएचं, म्हणजे कुळाच्या सभाघराचं, स्वयंपाकघर तिच्या ताब्यात होतं. पुढच्या अंगणात पाहुण्यांचं स्वागत, भाषणं, रडणं. मागे आम्ही रताळी सोलणार, शिंपल्या धुणार, आणि आत्या डोळ्यांत तेल घालून सगळ्यांवर नजर ठेवणार. लग्न असो की मयत, चारशे माणसं आली तरी तिचं जेवण गरम जायचं. तिला एकच शत्रू होता, तो म्हणजे लांबलचक बोलणारा वक्ता. पुढे माणूस बोलत राहतो आणि मागे जेवण थंड होतं. त्यावर आमच्याकडे एक रामबाण उपाय आहे. बोलणाऱ्याच्या बाजूची एखादी बाई उठून गाणं सुरू करते. गाणं सुरू झालं की वक्ता कितीही थोर असो, त्याने थांबायचं. आत्या एप्रनसकट अंगणात यायची, हात पुसायची आणि सुरू करायची. तिने अशी कापलेली भाषणं मोजायला बसलं तर त्यातली निम्मी माझ्या वडिलांची निघतील.

माझे वडील एरुएरा. आत्याचा धाकटा भाऊ, आणि आमच्या कुळाच्या वतीने बोलायचा मान त्यांच्याकडे. बोलायला उभे राहिले की डोंगरापासून सुरुवात, मग नदी, मग ज्या होडीतून पूर्वज आले ती होडी, मग मेलेल्यांची नावं, आणि जिवंत माणसांपर्यंत पोचेपर्यंत जिवंतांपैकी निम्मे पेंगलेले. सुंदर बोलतात, यात वाद नाही. पण त्यांना थांबवायला आत्या लागते. मी त्यांची मुलगी किरी. माझं ऐकतील तर शपथ.

आत्याच्या संशयाला एक मूळ होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, दूरच्या एका शहरात हॉस्पिटलमध्ये वारली. तिला घरी आणलं, सगळ्या रीतीने रडलो, पुरलं. किती तरी वर्षांनी त्या हॉस्पिटलचा माणूस दारात आला. फार नम्र होता. म्हणाला, तेव्हा तपासणीसाठी तुमच्या आईचं हृदय काढून ठेवलं होतं, विचारायचं राहून गेलं, ते परत आणलंय. एक पेटी होती. आत्याने ती दोन्ही हातांनी घेतली, आजीची कबर पुन्हा उघडली आणि पेटी तिथे ठेवली. "इतकी वर्षं मी आईशी बोलत होते," ती म्हणायची, "आणि ती अख्खी तिथे नव्हतीच." त्या दिवसापासून पांढरा कोट दिसला की तिच्या मनात पाल चुकचुकायची, आणि मला त्यात कधीच काही चूक वाटलं नाही.

तर अशा आत्याच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली, आणि यकृतात तिची पिल्लं.

आतड्यातली गाठ कापून काढायची आणि यकृतातल्यांसाठी औषध द्यायचं असं ठरलं. औषध कोणतं, हाच प्रश्न होता. हॉस्पिटलवाले म्हणाले, गाठीचा तुकडा आम्हाला द्या. तिची जनुकं वाचू आणि तिच्यातली प्रथिनंही वाचू, दोन्ही ताडून तुमच्या गाठीला लागू पडेल असं औषध निवडू. आत्याने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आणि तुकड्याचं पुढे काय?"

"उरलेला तुम्हाला परत देऊ."

"देऊ म्हणतात सगळेच."

शेवटी तिने अट घातली. ती बेशुद्ध असताना तिच्या अंगातून निघालेला तुकडा प्रार्थना झाल्याशिवाय त्या इमारतीतून हलता कामा नये. शरीराचा भाग शरीर सोडून निघालाय, त्याला एकटं कसं पाठवायचं? हॉस्पिटलने लगेच मान्य केलं. आता तिथल्या सगळ्यांना आमच्या रीती शिकवतात, आदर ठेवा म्हणून बजावतात. इतक्या लगेच मान्य केलं म्हणून आत्याला पुन्हा संशय आला, तो भाग वेगळा.

प्रार्थना अर्थातच वडील म्हणणार होते.

ऑपरेशन झालं. शेजारच्या छोट्या खोलीत सर्जनने स्वतः पांढऱ्या कापडावर बशीएवढा डबा आणून ठेवला. प्रयोगशाळेची एक मुलगी थंड पेटी घेऊन भिंतीशी उभी होती. वडिलांनी टोपी काढली. आणि मग जे सुरू झालं ते मी कोटाची बाही ओढूनही थांबेना. त्यांनी हात झटकला आणि नदीकडे वळले. पुढचं यथावकाश सांगते, कारण त्या वेळी मला त्यात एवढंच दिसलं की वडील वडिलांसारखे वागले.

काही आठवड्यांनी हॉस्पिटलचा फोन आला. जनुकं एक सांगतायत आणि प्रथिनं दुसरंच. जनुकांप्रमाणे एक गोळी लागू पडावी, पण प्रथिनांत असा काही गोंधळ दिसतोय की त्या गोळीचा उपयोग होणार नाही, वेगळंच औषध द्यावं लागेल. चुकीचं दिलं तर ते लागू नाही हे कळेपर्यंत यकृतातल्या गाठी वाढतील, आणि मग आत्याच्या हातात फारसा वेळ उरणार नाही. म्हणून यकृतातल्या गाठीचा एक नवा तुकडा हवा. सुईने काढू, बेशुद्ध करायची गरज नाही.

आत्याने फोन ठेवला आणि खुर्चीत टेकून म्हणाली, "पहिला हरवला."

"हरवला असं नाही म्हणाले, आत्या."

"मग विकला. नाहीतर दुसऱ्या कुणाच्यात मिसळला. एकाच बाईचा एकच तुकडा दोन गोष्टी कसा सांगेल? आणि आता दुसरा मागतायत. द्यायचा आणि तोही जायचा. मी काय तुकड्यातुकड्याने जाऊ?"

मला तिचं पटलं. खरंच पटलं. मी तर एक पाऊल पुढे जाऊन मनातल्या मनात त्या भिंतीशी उभ्या मुलीला चोर ठरवून टाकलं. वडिलांना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हॉस्पिटलवाल्यांचं काय सांगावं." एवढंच. माझे वडील एका वाक्यात थांबले. कुठेतरी पाणी मुरतंय हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आत्या काही हॉस्पिटलला जाईना, तेव्हा प्रयोगशाळेचाच माणूस आमच्याकडे आला. कॅलम नाव. उंच, लाजरा, दक्षिणेकडचा गोरा. दारात बूट काढून आत आला, हातात दुकानातला केक. आत्याने केक उलटा करून खाली छापलेली तारीख वाचली, मग नाक न मुरडता टेबलावर ठेवला, म्हणजे पाहुण्याचा पहिला अडथळा पार झाला.

"बस," ती म्हणाली. "माझा तुकडा कुठे आहे?"

"आमच्याकडे आहे. गोठवलेला."

"माझाच कशावरून?"

कॅलमला वाटलं ती थट्टा करतेय. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसू गिळलं. "तुमच्या रक्ताशी त्याची जनुकं ताडून बघितली. तुमचाच आहे."

"म्हणजे ज्या तपासणीवर माझा विश्वास नाही, ती तपासणी सांगते की तपासणीवर विश्वास ठेव." आत्याने माझ्याकडे बघितलं. "शिकलेला आहे हं."

वडील कोपऱ्यात बसून पाव कुस्करत होते. कॅलमने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि समजवायला लागला. तो म्हणाला, तुमच्या मराएच्या स्वयंपाकघरात फळा असतो ना, आज काय काय करायचं ते लिहिलेला? जनुकं म्हणजे तो फळा. आणि प्रथिनं म्हणजे चुलीवरच्या पातेल्यांत खरोखर काय शिजतंय ते. नुसता फळा वाचून भागत नाही.

"फळ्यावरचं आणि पातेल्यातलं कधीच एक नसतं," आत्या म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात चिडण्याऐवजी लक्ष होतं. "फळ्यावर मटण असतं आणि मटण आणणारा दारूच्या दुकानात. मग?"

"म्हणून दोन्ही बघतो. पण एक अडचण आहे. फळा पुसला जात नाही, दिवसभर तसाच राहतो. पातेलं मात्र चुलीवरून उतरवलं नाही तर आतलं बदलत जातं. तुकडा अंगातून बाहेर आला की रक्त बंद होतं, पेशी गुदमरतात, आणि त्यांच्यातली प्रथिनं भराभर बदलायला लागतात. म्हणून तो लगेच गोठवायचा असतो. तुमच्या तुकड्यात जो गोंधळ दिसतोय तो गाठीचा आहे की ताटकळण्याचा, हेच आम्हाला कळेना." तो किंचित पुढे झुकला. "मला एकच विचारायचं होतं. बाहेर काढल्यावर थंड पेटीत जाईपर्यंत त्याला बराच वेळ लागला का? पेटी घेऊन आलेल्या आमच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली, प्रार्थना चालू होती, मी त्याबद्दल काही बोलणं बरोबर नाही."



वडील उठले. "कुत्रं भुंकतंय वाटतं," म्हणाले, आणि बाहेर गेले. कुत्रं माझ्या पायाशी झोपलं होतं.

आत्याने कुत्र्याकडे बघितलं. मग दाराकडे. मग माझ्याकडे, त्या नजरेने जिने आजवर हजारो मासे तपासले होते.

"किरी. कधी पकडला?"

मी काय बोलणार? एकीकडे बाप, दुसरीकडे आत्या. पण तिला उत्तराची गरज नव्हती; तिने माझा कल्ला उचलून बघितला होता.

"एरुएरा!" ती अशी ओरडली की कॅलम खुर्चीसकट मागे सरकला. "आत ये!"

वडील आत आले. सत्तरीचा माणूस, पण मोठी बहीण हाक मारते म्हटल्यावर हात मागे बांधून उभे राहिले.

"कुठून सुरुवात केलीस?"

"डोंगरापासून."

"नदी?"

"हो."

"होडी घेतलीस?"

"ताई, होडी कशी सोडणार?"

"मेलेले?"

वडील स्वतःच्या पायांकडे बघू लागले.

"सगळे?"

"आईच्या बाजूचेही," वडील पुटपुटले.

मी न राहवून म्हणाले, "आणि सर्जनचे पूर्वज. स्कॉटलंडपर्यंत गेलात तुम्ही."

"तो पाहुणा होता!" वडील माझ्यावर खेकसले. मग आत्याकडे वळून म्हणाले, "मला काय माहीत मांस ताटकळतं म्हणून? मला कुणी सांगितलं?"

"मांस ताटकळतं हे तुला माहीत नाही?" आत्या उभी राहिली. पोटावरच्या टाक्यांवर हात दाबून उभी राहिली. "आयुष्यभर मी तुला काय सांगत आले? मागे जेवण थंड होतंय, आवर! आणि मी एकदा, एकदाच, झोपले—"

तिला हसू आलं की रडू ते मला कळेना. तिचा तसा चेहरा मी कधी बघितलाच नव्हता. इतके दिवस तिने साऱ्या जगावर संशय घेतला. हॉस्पिटलवर, या बिचाऱ्या केकवाल्यावर. आणि चोर घरातला निघाला, तोही तिनेच पाठवलेला. वडिलांना थांबवू शकेल असा जगात एकच आवाज होता, आणि तो त्या वेळी नळ्या लावून निपचित पडला होता.

वडिलांनी टोपी हातात घेतली. "ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला, "तो डबा तू बघितला असतास तर तुला कळलं असतं. एवढासा. त्यावर झाकण लावणार आणि नेणार. मला आईची पेटी आठवली. मी बोलत होतो तोवर कुणी झाकण लावत नव्हतं. म्हणून बोलत राहिलो. मला भीती वाटली गं. तू जाशील याची भीती वाटली."

कॅलम खाली मान घालून केककडे बघत होता. मला त्याची कीव आली. परक्या घरातलं असं काही ऐकावं लागणं सोपं नसतं. मी चहा ओतला, तेवढंच हाताला काम.

आत्याने टाक्यांवरचा हात काढला. मग खुर्चीत बसली आणि कॅलमला म्हणाली, "दुसरा तुकडा पाहिजे."

"हो. तुमची तयारी असेल तरच."

"प्रार्थनेशिवाय नाही."

कॅलमचा चेहरा पडला. "आम्ही प्रार्थनेला नाही म्हणणार नाही. पण तुमचा जीव—"

"ऐक आधी. सुईने काढणार म्हणजे मी जागी असणार?"

"हो."

"मग प्रार्थना आधी. तुकडा माझ्या अंगात असताना. माझ्यासकट त्याची प्रार्थना करा, रक्त चालू असताना. बाहेर आला की थेट तुझ्या बर्फात. चालेल?"

कॅलमने मान डोलावली. सांगू का, मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या पुढ्यातला चहा स्वतःच पिऊन टाकला.

"आणि ती तुझी पेटी मला आधी उघडून दाखवायची," ती म्हणाली. "रिकामी आहे का ते बघायचंय."

सुईच्या दिवशी ती पाठीवर झोपली होती, डोळे टक्क उघडे. कॅलमने पेटी उघडली तेव्हा आतून पांढरी वाफ ओसंडली. आत्याने त्यात नाक घालून वास घेतला आणि "हं" म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी बरगड्यांखालची जागा बधिर केली आणि बाजूला झाल्या. वडील पायथ्याशी उभे राहिले, टोपी छातीशी. मी आत्याकडे बघितलं. तिने ओठ ओले केले होते, छाती भरून घेतली होती. गाणं तयार होतं. ते नदीला पोचले की ती कापणार होती.

वडिलांनी डोळे मिटले. "देवा," ते म्हणाले, "ही माझी बहीण आहे. हिच्यातून जे जाईल ते परत येऊ दे. आणि हिला राहू दे. आमेन."

झालं. डोंगर नाही, नदी नाही, होडी नाही. मला वाटलं ते श्वास घ्यायला थांबलेत.

आत्या तशीच तोंड उघडं टाकून पडली होती. मग तिच्या नजरेत पुन्हा तो जुना संशय आला. "एवढंच?" ती मला हळूच म्हणाली. "किरी, डॉक्टर याला काही बोललेत का? मी मरतेय का?"

"नाही गं आत्या."

"मग एवढंच कसं?" तिने वडिलांकडे बघितलं. ते टोपीची कड चुरगळत उभे होते, ओठ घट्ट दाबून, तोंडातून आणखी एक शब्द निसटू नये म्हणून धडपडत. साठ-पासष्ट वर्षं बोलत आलेला माणूस तिच्यासाठी गप्प राहत होता, आणि त्याला ते किती जड जातंय हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं. आत्याचे डोळे भरून आले. "वेड्या," ती म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंना, "घाला सुई."

या वेळी फळा आणि पातेलं जुळलं. तो गोंधळ गाठीचा नव्हताच, ताटकळण्याचा होता. जनुकांनी सांगितलेली गोळीच बरोबर निघाली. आत्या ती रोज नाकाशी नेऊन, दोन्ही बाजूंनी बघून घेते. गाठी गेल्या नाहीत, पण आक्रसल्यात. डॉक्टर म्हणतात, सध्या यावर समाधान माना. आत्या म्हणते, "सध्या म्हणजे कधीपर्यंत ते सांगत नाहीत, बघितलंस?"

वचन दिल्याप्रमाणे उरलेले दोन्ही तुकडे परत आले. कॅलम स्वतः घेऊन आला, एका छोट्या पेटीत. आत्याने ती दोन्ही हातांनी घेतली, हलवून बघितली, आणि आम्ही सगळे आजीच्या कबरीपाशी गेलो. तिथेच शेजारी खड्डा केला होता. मागे मराएच्या स्वयंपाकघरात माझ्या भावजया टेबलं मांडत होत्या, शिंपल्या उकडून तयार होत्या.

पेटी खाली ठेवली. वडिलांनी टोपी काढली आणि थांबले. बहिणीकडे बघितलं, परवानगी मागावी तसं.

"बोल," आत्या म्हणाली. "आता काही नासत नाही."

वडिलांनी डोंगरापासून सुरुवात केली. नदी झाली. होडी झाली. मेलेल्यांची नावं सुरू झाली, आजीचं नाव आलं, तेव्हा त्यांचा आवाज फुटला, तरी ते बोलत राहिले. स्वयंपाकघरातून कुणीतरी दोनदा हाक मारून गेलं. कॅलम एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मी आत्याकडे बघत होते. आता उठेल, आता गाणं सुरू करेल.

ती आईच्या कबरीला हात लावून बसली होती आणि ऐकत होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी थंड शिंपल्या खाल्ल्या, आणि आत्याने कुणालाही त्याबद्दल एक शब्द बोलू दिला नाही.